पाजवायचा दगड

हार्डवेअरच्या दुकानदाराने चाकूला धार लावायच्या चार वस्तू काउंटरवर मांडल्या, तशी आईने पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला.

मुलीच्या ते नजरेतून सुटलं नाही. बऱ्याच महिन्यांत आईला काही नीट बघावंसं वाटलं नव्हतं.

"खर्च बेताचाच करायचाय," मुलगी घाईघाईने म्हणाली. "ते छोटं द्या." मुठीत मावेल असं प्लास्टिकचं होतं ते. फटीतून चाकू दोनदा ओढायचा, की झालं. धार यथातथाच लागत असणार. तिला तशीच हवी होती.

"स्वस्त आहे, पण खोटं कशाला बोलू?" दुकानदार म्हणाला. "हे पातं खरवडतं नुसतं. मावशी, तुम्ही कापता काय काय?"

"कापत नाही, चेंगरते," आई म्हणाली. "आमच्याकडे टोमॅटोला चाकू लावला की तो आधी रडतो आणि मग फुटतो."

दुकानदार खो खो हसला. मुलीला हसू आलं नाही. मागच्या वर्षी आईने जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. दवाखान्यातून तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी मुलीने घरातले सगळे चाकू मोरीच्या कठड्यावर घासून बोथट केले होते. आज दोघी बाहेर पडल्या होत्या त्या फक्त दिवा घ्यायला. पण दुकानाच्या दारातच आईने विचारलं होतं, "धार लावायचं काही आहे का हो?"

विजेवर चालणारं यंत्र परवडण्यासारखं नव्हतं. चाकू आवळून धरणाऱ्या सेटची किंमत ऐकल्यावर आईनेच तो हळूच मागे सरकवला. "कुणाला भेट द्यायला बरा आहे. आपल्या पैशाने नको." उरला तो दगड. साबणाच्या वडीसारखा, एका अंगाने करडा, दुसऱ्या अंगाने पांढरा.

"दोन रंग का?"

"करडी बाजू खरखरीत. आधी तिच्यावर घासायचं, मग पांढरीवर. पण त्याआधी भिजवावा लागतो."

त्याने पाण्याच्या डब्यात दगड सोडला. दगडातून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येऊ लागल्या.

"अगंबाई! दगडात हवा?"

"भोकं असतात, दिसत नाहीत इतकी बारीक. पाणी आत शिरतं, हवा बाहेर पडते."

"मग थांबायचं कधी?"

"बुडबुडे थांबले की आपण सुरू करायचं."

आई डब्यावर वाकली. दुकानदारही वाकला. मागे एक गिऱ्हाईक खिळ्यांसाठी ताटकळत होतं, तेही मान लांब करून बघू लागलं. शेवटचा बुडबुडा फुटला तेव्हा आईने मान डोलावली, गाडी वेळेवर सुटल्यासारखी.

दुकानदाराने आपला जुना चाकू मूठ तिच्याकडे करून पुढे धरला. "बघा लावून. फार आडवा नको, फार उभा नको. पात्याच्या पाठीखाली दोन नाणी सरकतील इतकाच उचला."

मुलीचा हात आपसूक पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला.

आईने पातं दगडावर टेकवलं, ढकललं. कर्रर्र. पुन्हा ढकललं. काठावर करडा चिखल जमू लागला. तिने दगड उलटला, आणि आता आवाज पानांवरून हात फिरवल्यासारखा येऊ लागला. "ऐकलंस?" ती मुलीला म्हणाली. "आवाज बदलला बघ."

"आई, हे किचकट आहे गं. ते छोटंच घेऊ या ना."

आईने चाकू खाली ठेवला. दुकानदार खिळ्यांच्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. तरीही ती हलक्या आवाजात बोलली.

"घरातले चाकू आपोआप बोथट झाले नाहीत, एवढं कळतं मला. तू केलंस ते बरंच केलंस. तेव्हा मीही तेच केलं असतं." तिने बोटांवरचा चिखल रुमालाला पुसला. "पण आता मला भाजी चिरायची आहे, बाळ. किती दिवस ठेचून खायचं?"

मुलगी डब्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. पाणी गढूळ झालं होतं. मग तिने दुकानदाराला हाक मारली.

"दादा, दगडच द्या."

घरी आल्याआल्या आईने दगड भिजवला. ओट्यापाशी उभी राहून ती बराच वेळ चाकू घासत होती. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. शेवटी आई न वळताच म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस बघू. तू अशी टक लावलीस की माझा हात थरथरतो."

मुलगी बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. घासायचा आवाज थांबला. नळ सुटला, बंद झाला. भाजी चिरायच्या फळीवर सुरी चालू लागली. टक, टक, टक, एका लयीत. वर्षभर या घरात तो आवाज नव्हता.

मध्येच तो थांबला.

मुलीने खुर्चीचा हात घट्ट धरला. उठायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. आत काहीच वाजत नव्हतं.

"अगं, ये लवकर!"

ती धावली. आई खिडकीशी उभी होती. एक डोळा मिटून, दुसऱ्यापुढे काकडीची पातळ चकती धरून ती उजेडाकडे बघत होती.

"यातून समोरचा रस्ता दिसतोय," ती म्हणाली. "हिरवा."