घरगुती बोलणं

संशयिताच्या घरात चोरून माईक बसवायला कोर्टाने परवानगी दिली होती, पण एका अटीवर: नवरा-बायकोचं घरगुती बोलणं सुरू झालं, की बटण दाबून ऐकणं बंद करायचं.

हेडफोन लावून बसलेले हवालदार इमानेइतबारे बंद करायचे. पण ती बाई त्यांना लबाड वाटायची. नवऱ्याने कामाचा विषय काढला रे काढला, की हिची टकळी सुरू: "अहो, नळ गळतोय, तुमचं लक्ष कुठंय?" झालं! हवालदारांना बटण दाबावंच लागे.

आणि माईक होता ऐन स्वयंपाकघरात. थेंब पडल्याचा आवाज म्हणून कधी आला नव्हता.

आज नळाचं रडगाणं सुरू झालं, तरी त्यांनी बटणाला हात लावला नाही. कान टवकारून बसले.

पलीकडे नळाचं रडगाणं अर्ध्यावरच तुटलं.

"अहो," बाई हळूच म्हणाली, "आज बंद नाही केलं त्यांनी."

हवालदारांनी खटकन बटण दाबलं. तांबडा दिवा विझला. तेवढ्याने धीर होईना, म्हणून हेडफोनची वायरसुद्धा उपटली.

वायर हातात लोंबत होती, आणि कानात बाईचा आवाज आला, अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"हं, केलं बंद. आता सांगा, या हवालदारांच्या घरी कोण कोण आहे?"

"बायको एकटीच आहे," नवरा म्हणाला. "ओट्यापाशी वाकून नळ बघतेय."