टाचणीचं माप

चिंध्यांच्या पोत्याला मुंग्या लागल्या म्हणून काकूंनी ते दुकानाच्या मधोमध उपडं केलं, तर आतून ब्रेड निघाला. एक-दोन नाही, चांगले दहा-बारा तुकडे. काही वाळून कडक, काही हिरवे पडलेले. शिवाय काळी ठिक्कर झालेली दोन केळी आणि एक उकडलेला बटाटा. काकूंनी कपाळाला हात लावला. अठरा वर्षं त्या या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करत होत्या, पण चिंध्यांत जेवण पुरलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

चोर शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. तो कापायच्या टेबलाखाली पाय पोटाशी घेऊन बसला होता. सहा वर्षांची टाचणी, दुकानाच्या शिंपीमास्तरांची नात. टाचणी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, कारण अंगाने तेवढीच आणि टोचायला सदा तयार. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती दुकानात थांबायची. मास्तरांना थोरल्या मुलाने आपल्या गावी नेलं त्याला चार महिने झाले होते, पण टाचणीचा शिरस्ता मोडला नव्हता.

काकूंनी तिला बाहेर ओढलं आणि चांगलं फैलावर घेतलं. कधीपासून चाललंय हे? आई बिचारी सकाळी धावपळ करून डबा भरते, संध्याकाळी रिकामा डबा बघून खूश होते, त्याचं काय?  शिंप्याने तोंडात टाचण्या धराव्यात तशी टाचणी ओठ मिटून उभी राहिली. मग काय वाटलं कोण जाणे, स्टुलावर चढून तिने वरच्या फळीवरची एक गुंडाळी काढली आणि काकूंच्या पुढ्यात ठेवली.

निळा फ्रॉक होता. पुढचा भाग, पाठ, बाह्या, घेर, सगळं कापून तयार; नुसतं शिवायचं बाकी. वर मास्तरांच्या अक्षरातली मापाची चिठ्ठी टाचलेली. हा फ्रॉक कापला आणि दुसऱ्याच दिवशी मास्तर कात्री हातात असतानाच टेबलावर कलंडले होते.

"आजोबा म्हणालेत, आलो की शिवतो. तोपर्यंत माप बदलू नकोस," टाचणी म्हणाली.

काकूंना तो दिवस आठवला. दोघांनी धरून मास्तरांना गाडीत बसवलं होतं. तोंड वाकडं झालेलं, शब्द धड फुटत नव्हते, तरी नातीला हसवायला म्हणून ते एवढं बोलले होते. गिऱ्हाइकांनाही ते नेहमी हेच म्हणायचे, आणि गिऱ्हाइकं हसून सोडून द्यायची. ही पोर मात्र तेव्हापासून माप सांभाळत होती. आधी अर्धा डबा टाकायची. मागच्या आठवड्यात शाळेचा गणवेश आखूड झाला, तेव्हापासून सगळाच.

काकूंचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी गळ्यातली टेप काढून माप घेतलं. छाती तेवढीच. कंबर अर्ध्या इंचाने कमी. मग खांद्यापासून टेप खाली सोडली. उंची सव्वा इंच जास्त. उंची काही तिचं ऐकत नव्हती.

काकूंनी टेप गुंडाळायची घाई केली, पण मास्तरांच्या नातीला टेप वाचता येत होती. तिने आकड्यावर बोट ठेवलं, मग चिठ्ठी पाहिली.

"उद्यापासून घरचं दूधपण नको," ती स्वतःशीच म्हणाली.

काकू समजूत काढू लागल्या. खाली दुमडायला भरपूर कापड सोडलंय मास्तरांनी, उंचीचं काही अडत नाही, मीच शिवून देते, उद्याच्या उद्या देते. टाचणीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तुम्ही फक्त बटणं लावायची, असं तिने सांगून टाकलं. फ्रॉक आजोबा शिवणार.

येतील, येतील, असं तिला सगळ्यांनीच सांगितलं होतं. आईने, बाबांनी, काकूंनीसुद्धा. वेळ मारून न्यायला ते बरं पडायचं. परवाच थोरल्याचा फोन आला होता. उजवी बाजू गेली ती गेलीच, आता माणसंही ओळखत नाहीत, दुकानाचं काय ते बघून टाका. टाचणीपाशी अजून कोणी तोंड उघडलं नव्हतं. हे सांगणं आपलं काम नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. पण समोर पोरीच्या गळ्याची हाडं वर आली होती.

त्या खाली, पसरलेल्या चिंध्यांतच बसल्या.

"टाचणे, आजोबा आता यायचे नाहीत."

"फ्रॉक शिवायलासुद्धा?"

"नाही गं. त्यांचा हात चालत नाही. आता चालायचाही नाही."

काकूंनी दोन्ही हात पुढे धरले होते. रडेल, मारेल, गळ्यात पडेल, काहीही करेल. टाचणी रडली नाही. तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, कापडाची होती तशी गुंडाळी केली, आणि विचारलं,

"मग मी जेवू?"

काकूंनी मान डोलावली. टाचणीने दप्तरातून आजचा डबा काढला, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि खाऊ लागली. घाई नाही, चव घेणं नाही, एखादं काम उरकावं तसं. ब्रेड संपला, केळं संपलं. मग ती काकूंच्या डब्याकडे बघू लागली, तसा त्यांनी तोही पुढे सरकवला. मघाशी न जेवल्याबद्दल रागावलेल्या काकूंना आता वाटत होतं, एक घास तरी हिने आजोबांच्या आशेवर मागे ठेवावा. टाचणीने डब्याच्या तळाचा चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.