रिकामं काडतूस

तिसऱ्या गोळीला उपासनाचे डोळे आधीच मिटले. मग घोडा दाबला गेला आणि रायफलचा दस्ता खांद्यावर दाणकन आदळला. पंचवीस यार्डांवरची कागदी प्लेट कोरीच्या कोरी होती.

"बस झालं यार," मागून प्रथमेश म्हणाला. "मी होतो पास. तू दगड बघ, अस्वलं मी बघतो."

जूनमध्ये दोघं खडकांचे नमुने गोळा करायला अलास्काला जाणार होते. सहा आठवडे, दोघंच. युनिव्हर्सिटीचा नियम होता की दोघांपैकी एकाकडे अस्वलांसाठी मोठ्या बोअरची, म्हणजे जाड गोळीची, रायफल हवी आणि ती बाळगणारा परीक्षा पास झालेला हवा. पंधरा सेकंदांत चार गोळ्या, त्यांतल्या तीन प्लेटमध्ये. कुणीच पास झालं नाही तर अलास्का कॅन्सल. आज शेवटची तारीख होती. ॲन आर्बर शहराबाहेरच्या नेमबाजीच्या त्या उघड्या रेंजवर वारा थांबत नव्हता, आणि उपासनाचा पायही एका जागी ठरत नव्हता.

टेबलावर दोन रायफली होत्या. उपासना मघापासून लहान गोळीची चालवत होती, थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह. प्रथमेशनं आल्या आल्या मोठी उचलली होती, फोर-फिफ्टी-एट. "न्यायची तर हीच. समोर आलं की जागच्या जागी आडवं झालं पाहिजे." त्यानं तिच्यातून सहा गोळ्या झाडल्या होत्या. एक प्लेटच्या कडेला चाटून गेली होती. खांदा चोळत तो ती एक पुन्हा पुन्हा दाखवत होता.

शिकवणारी डॉना साठीची होती. वीस वर्षं तिनं अलास्कात शिकाऱ्यांना रानात नेलं होतं. तिनं प्रथमेशच्या हातून रायफल घेतली, पाठ फिरवून आत काडतूस भरलं आणि परत दिली. "मार."

प्रथमेशनं नेम धरला. घोडा दाबला.

टक.

आवाज तेवढाच. पण नळीचं टोक वीतभर खाली गेलं होतं, मान खांद्यांत गेली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"मिसफायर झाला," तो म्हणाला.

"रिकामं काडतूस मीच घातलं होतं," डॉना म्हणाली. "रायफलनं काहीच केलं नाही. हे सगळं तू केलंस."

प्रथमेश हसला. सोबत कुणी हसलं नाही.

मग उपासनाची पाळी. टक. तिची नळीही खाली गेली. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. रायफल ठेवून सरळ गाडीत जाऊन बसावं असं वाटलं. प्रथमेश बघतो आहे की नाही हे तिला वळून पाहायचं होतं, तेही तिनं पाहिलं नाही.

"पुन्हा भरा," ती डॉनाला म्हणाली. "आत काय आहे ते सांगू नका."

"अगं, पण ही छोटी कशाला?" प्रथमेश पुढे झाला. "चारशे किलोचं अस्वल एवढ्यानं थांबेल?"

"लागली तर थांबेल," डॉना म्हणाली आणि तिनं पाठ फिरवून काडतूस भरलं.

टक. टक. धाड. टक. प्रत्येक वेळी वाटायचं, आता दणका बसणार, आता बसणार. डॉना दर वेळी एकच सांगायची. दस्ता खांद्यात ओढून धर, पुढे झुक, प्लेट बघत राहा. धाड. टक. टक. तासाभरात कितीदा दाबला ते उपासनाला सांगता आलं नसतं. दंड भरून आला. आणि मग एकदा टक झालं तेव्हा नळी होती तिथंच राहिली. डोळे उघडे होते. समोर प्लेट दिसत होती.

"आता चार खऱ्या," डॉना म्हणाली. तिनं नवी कोरी प्लेट लावली आणि घड्याळ हातात घेतलं.

पहिली लागली. पुढची गोळी आत घ्यायला बोल्ट ओढला, ढकलला. दुसरी लागली. तिसरी कुठे गेली कळलंच नाही. बोल्ट अडकल्यासारखा वाटला, हात घामानं सटकला. चौथी सुटली तेव्हा डॉनानं घड्याळ दाबलं. साडेचौदा सेकंद.

प्लेटमध्ये तीन भोकं होती.

डॉनानं कागदावर उपासनाचं नाव लिहिलं, सही केली आणि लहान रायफल पेटीत घातली. "गुड," ती म्हणाली. आनंद व्हायला हवा होता. उपासनाला फक्त एवढंच जाणवलं की आता हे काम दुसऱ्या कुणावर टाकता येणार नाही.

परतताना गाडी प्रथमेश चालवत होता. सीटबेल्ट नेमका दुखऱ्या खांद्यावर येत होता, म्हणून उपासनानं तो हातानं वर उचलून धरला होता. प्रथमेशनं दोनदा रेडिओ लावला, दोनदा बंद केला.

"एक विचारू?" शेवटी तो म्हणाला. "मी पुढे असेन आणि अस्वल समोरून आलं, तर? मी तुझ्या आणि त्याच्या मध्येच असेन ना."

हा विचार तिच्या डोक्यात रेंजपासून फिरत होता.

"पळू नकोस," ती म्हणाली. "जिथं असशील तिथं खाली बस. एकदम खाली."

त्यानं मान हलवली. दोन सिग्नल गेले.

"किती वेळ बसायचं?"

"मी ऊठ म्हणेपर्यंत."