हात न टेकता

आखातातल्या अबू हलीफा गावातल्या जिममध्ये मी बावीस वर्षं ट्रेनर आहे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो, "खाली बसा आणि हात न टेकता उठा." लोक हसतात, त्यांना पिळदार दंड हवे असतात. दंड लग्नाच्या फोटोपुरते, उठणं मात्र जन्मभराचं. माझे वडील नाशिकला घरी एकटे असताना पडले आणि उठता न आल्यानं दिवसभर फरशीवर राहिले. आता तिथे आई एकटी असते. रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर मी तिला दहा वेळा जमिनीवरून उठायला लावतो. आज कॉल लागताच ती दिसेनाशी झाली आणि पडद्यावर छताचा पंखा उरला. "आई, पडलीस का?" मी शेजाऱ्यांचा नंबर शोधत होतो, तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. "पडले होते, उठले हात न टेकता. हे एक धर, आता नऊ मोज."