केशरी माशी

"डोळे ठणठणीत आहेत माझे, चल दाखवतो!" म्हणत बाबा लेकीला हट्टाने नदीवर घेऊन आले. गळाच्या दोरीला त्यांनी सवयीने पिसांच्या दोन नकली माश्या बांधल्या. खालची बारीक, माशाला भुलवायला. वरची मोठी, केशरी, पाण्यावर तरंगणारी. ती बुडाली की समजायचं, खालची माशाने गिळली.

त्यांनी झोकात गळ फेकला आणि पाण्याकडे बोट केलं. "ती बघ केशरी माशी, कशी डुलत चाललीय! त्या डोळ्यांच्या डॉक्टरला काय कळतंय? उद्यापासून माझ्या नातीला शाळेत गाडीने मीच सोडणार."

लेक पाण्याकडे नाही, त्यांच्या डोक्याकडे बघत होती.

फेकतानाच तुटलेली केशरी माशी बाबांच्या टोपीला मागे अडकून बसली होती.