झाडीत गेलेलं माणूस

बुटाला लागलेला पाला झटकत ओक्ताव्ह पायवाटेवर आला, तर कडेला एक निळी सॅक ठेवलेली. तो तिच्यापाशी थांबला आणि झाडीकडे पाठ करून उभा राहिला.

त्यांच्या रविवारच्या भटक्या मंडळाचा तसा नियमच होता. चालता चालता कुणाला झाडीत जायची गरज पडली, की सॅक वाटेच्या कडेला ठेवायची आणि मुकाट्याने आत जायचं. सगळ्यात मागून येणाऱ्याने ती सॅक पाहिली की तिथंच थांबायचं. डोकावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, नंतर चौकशीही करायची नाही. या मागच्या माणसाला मंडळी शेपूट म्हणत. आज शेपूट ओक्ताव्ह होता.

गेल्या ऑक्टोबरातही तोच होता. याच वेझेर नदीच्या खोऱ्यात ब्रुनेलबाईंनी सॅक ठेवली, आणि हा बाबा सरळ पुढे निघून गेला. बाई बाहेर आल्या तर वाटेवर चिटपाखरू नाही. संध्याकाळी एका शेतकऱ्याला त्या नदीकाठी सापडल्या, थंडीने काकडलेल्या. सॅक दिसली कशी नाही, हे ओक्ताव्हला आजतागायत सांगता आलेलं नाही. बाईंनी चालणं सोडलं. त्या बाजारात दिसल्या की हा चीजवाल्याच्या गाडीमागे लपायचा. सत्तरी उलटलेल्या माणसाने लपायचं म्हणजे काय, पण लपायचा. तोंड दाखवायला जागा उरली नव्हती त्याला.

आज सकाळी मंडळाच्या प्रमुख सोलांजने त्याला पुन्हा मागे ठेवलं, तेव्हा रेमोंला राहवलं नाही.

"शेपटाला आधी घंटा बांध, सोलांज. हरवलं तर निदान ऐकू तरी येईल."

सगळे हसले. ओक्ताव्हही हसला, कान मात्र लालबुंद झाले.

"तू तुझं पोट सांभाळ, रेमों," सोलांज म्हणाली. "ओक्ताव्ह, मागे तू. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

आज रात्र झाली तरी चालेल, पण एकही माणूस मागे राहू द्यायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून तो उभा होता. पुढच्यांचे आवाज वळणापलीकडे विरले. ती मंडळी चढ चढून गढीच्या आवारात जेवायला बसणार होती. घामाने भिजलेल्या पाठीला नदीवरचा वारा लागला, बरं वाटलं. सहज खाली नजर गेली, तर पँटची चेन उघडी. त्याने घाईघाईने ओढून घेतली. कधीपासून उघडी होती कोण जाणे. सकाळी सगळे हसले ते यालाच तर नाही? त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तहान लागली. त्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली दिसत होती. पण दुसऱ्याच्या सॅकला हात कसा लावायचा? तो तसाच उभा राहिला.

समोरून एक तरुण जोडपं आलं. त्याला तसं एकटं पाहून मुलगी थांबली.

"काका, सगळं ठीक ना?"

"हो हो. आमचं एक माणूस आत गेलंय."

"बराच वेळ झाला का?"

"वय झालं की लागतो वेळ," ओक्ताव्ह मोठ्या मनाने म्हणाला. "आपण सांभाळून घ्यायचं."

ती दोघं हसत पुढे गेली.

ऊन झाडाच्या शेंड्यावरून कलायला लागलं. ओक्ताव्ह खाकरला. मग नियम मोडून हळूच म्हणाला, "घाई नाही बरं का. मी आहे इथं."

आत पानही हललं नाही. झाडीपलीकडे उतार होता, उताराखाली नदी. डोकावावं तर बेशरमपणा, न डोकावावं तर आत कुणी पाय मोडून पडलं असेल. शेवटी डोळ्यांवर हात धरून, बोटांच्या फटीतून बघत तो आत शिरला. ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे होते. म्हणजे माणूस गेलं होतं खरं. खाजकोळतीने हात भाजले, उतारावर तो दोनदा घसरला, थेट पाण्यापर्यंत जाऊन आला. नुसतं पाणी वाहत होतं. परत वर येऊन तो सॅकशेजारी बसला आणि रडायला लागला. पुन्हा त्याच्याच हातून घडलं होतं.

सोलांज आणि रेमों धावत आले, तेव्हा तो तसाच बसला होता, गुडघ्यांपर्यंत चिखलात माखलेला.

"अरे, कुठे होतास तू?" सोलांजला धाप लागली होती.

"बंबवाल्यांना फोन कर. नदीत शोधायला सांग."

"कुणाला?"

"ते माहीत नाही गं. पण सॅक दिसल्या दिसल्या थांबलो मी. या वेळी मला दिसली, सोलांज. रेमोंला सांग, या वेळी मला दिसली."

रेमोंने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सोलांजने त्याचा दंड दाबला.

"वर सगळे आहेत रे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मोजले."

"परत मोज. एक जण कमी असणार."

"हो. एक जण कमी होता."

तिने ती निळी सॅक उचलली, तिच्यावरची माती झटकली आणि त्याच्या मागे उभं राहून, लहान मुलाला कोट घालतात तशी धरली.

"घाल हात," ती म्हणाली.

त्याने सवयीने हात घातले. पट्टे ओढावे लागले नाहीत की सैल करावे लागले नाहीत. सॅक त्याच्या पाठीवर नेमकी बसली.