लेकीचा हेडसेट

सूर्यभानने अठ्ठावीस वर्षं विमानतळावर चालू इंजिनांशेजारी मेकॅनिकचं काम केलं. कानांवर लावायला काहीतरी द्या म्हटलं, तेव्हा साहेब हसले होते, "अरे, तू काय विमान उडवतोस?"

आता लेक शिवानी पायलटचं शिक्षण घेत होती. तिच्या जुन्या हेडसेटमध्ये त्याने नल्लकुंट्याच्या घरी आठवडाभर खपून इंजिनाचा आवाज कापणारं सर्किट बसवलं.

उड्डाण करून आलेली शिवानी आनंदाच्या भरात बोलतच सुटली, "पप्पा, इंजिनाचा आवाज पूरा बंद! टॉवरचा शब्दन्‌शब्द ऐकू आला!"

तिचे ओठ थांबेपर्यंत सूर्यभान नुसता हसत राहिला.

मग त्याने बायकोपुढे वही सरकवली, "काय म्हणाली गं? लिहून दाखव ना."